शिकार कोणाची, वाटणी कोणाची

माणगाव तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात भावाशी वाद झाला. भावाचं म्हणणं असं, की आदिमानवापासून पुरुष शिकारीला जात आणि बायका गुहेत पोरं सांभाळत, त्यामुळे आजची कामाची वाटणी निसर्गानेच घालून दिलेली आहे. तिच्या वाचनात आलं ते उलटं: बायकाही शिकार करत आणि त्या काळी सगळे समान होते. "दोघांपैकी खरं कोण? आणि दर वर्षी भातकापणी झाली की आमच्या शेतात धनगरांचा वाडा बसतो. तिथल्या बायका पहाटेपासून राबताना दिसतात. त्यांना समान म्हणायचं की दबलेल्या? मला त्यांच्यावर प्रकल्प करायचा आहे, काय विचारू?"

प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून सविस्तर लिहिते. मी मानववंशशास्त्र शिकले आणि गेली चोवीस वर्षं माण, खटाव, फलटण भागातून कोकणात उतरणाऱ्या वाड्यांबरोबर राहत आणि चालत आले आहे. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांबद्दल मला जे माहीत आहे ते बरंचसं इतरांच्या कामावरून आणि थोडंफार रायगडमधल्या कातकरवाड्यांवरून. तेव्हा मेंढपाळांबद्दल मी पाहिलेलं सांगेन आणि शिकाऱ्यांबद्दल वाचून पटलेलं.

तुमच्या वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कोण कोणतं काम करतं, हा एक. त्या कामातून जे हाती येतं त्याचं काय करायचं हे कोण ठरवतं, हा दुसरा. तुम्ही दोघंही पहिल्याचं उत्तर शोधताय आणि त्यावरून दुसऱ्याचा निकाल लावताय. पहिल्यावरून दुसरा कळतो असं मला एकाही वाड्यावर दिसलं नाही.

शिकारीपासून सुरुवात करू. 2020 साली पेरूमधल्या एका उत्खननाची माहिती प्रसिद्ध झाली. अँडीज पर्वतात, जवळपास चार हजार मीटर उंचीवर, सुमारे 9000 वर्षांपूर्वी पुरलेली एक 17 ते 19 वर्षांची तरुणी सापडली. तिच्याजवळ फेकायच्या भाल्याची दगडी टोकं होती आणि जनावर सोलायची, कातडं खरवडायची हत्यारंही. मग 2023 साली 63 शिकारी समाजांच्या जुन्या नोंदी तपासणारा एक अभ्यास आला. त्यांपैकी 50 समाजांत, म्हणजे 79 टक्क्यांत, बायकांच्या शिकारीच्या नोंदी असल्याचं त्यात म्हटलं होतं. तुमच्या वाचनात आलं ते बहुधा हेच. पण दुसऱ्याच वर्षी इतर संशोधकांनी त्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि आक्षेप घेतले. समाजांची निवड एकांगी आहे, आणि क्वचित कधी घडलेली गोष्ट व नेहमीचं काम दोन्ही एकाच रकान्यात मोजलंय, असं त्यांचं म्हणणं. मला हे आक्षेप पटतात. मोठ्या जनावराच्या मागे दूरवर जाणं हे बहुतेक ठिकाणी पुरुषांचंच काम राहिलंय. मात्र "बायका शिकार करतच नव्हत्या" हे भावाचं वाक्यही टिकत नाही.

फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावर, ईशान्येच्या जंगलात आग्ता राहतात. त्यांच्यातल्या काही गटांत बायका कुत्री घेऊन, धनुष्यबाण घेऊन रानडुकरं आणि हरणं मारत. तान्हं मूल असलेली बाईही जाई. मूल आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ राही. त्यांचं रान वस्तीपासून फार लांब नसे, कुत्री सावज अडवून धरत आणि शिकार घोळक्याने होई. हे तीन मुद्दे लक्षात ठेवा, कारण बायका शिकारीला जातात की नाही हे पुष्कळदा त्यांवरच ठरतं. अंगावर पिणारं मूल असताना दोन दिवस जखमी जनावराचा माग काढत फिरणं कठीण. जाळं लावून घोळक्याने हाकारा घालायचा असेल तर बाई, म्हातारं, पोर सगळ्यांचा उपयोग. मध्य आफ्रिकेतले आका अशीच जाळ्याची शिकार करतात आणि नवरा-बायको बरोबर जातात. त्याच आका लोकांत बाप तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरावर दिवसाचा जवळपास निम्मा वेळ असतो, अशी नोंद आहे. पोरं सांभाळणं हे निसर्गाने एकट्या बाईच्या पदरात टाकलेलं असतं, तर आका बापांचं काय करायचं?

आता दुसरा प्रश्न, वाटणीचा. इथे मला कलहारीत थांबावंसं वाटतं. बोत्स्वाना आणि नामिबियाच्या सीमेवर जुहोआन्सी नावाचे लोक राहतात. 1960 च्या दशकात रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने तिथे कोणी काय आणलं, किती खाल्लं याची रोजच्या रोज मोजणी केली. खाण्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग वनस्पतींचा निघाला. मोंगोंगो नावाच्या झाडाची बी, कंद, फळं. आणि हे आणण्याचा मोठा भार बायकांवर. गंमत म्हणजे जुहोआन्सींना शिकारी म्हणूनच जग ओळखत होतं. एक माणूस आठवड्यातले जेमतेम अडीच दिवस अन्न मिळवण्यासाठी बाहेर जातो, असंही त्या मोजणीत दिसलं. (त्यात हत्यारं करणं, लाकूडफाटा, बी फोडणं, स्वयंपाक धरला की तास खूप वाढतात. हे लीनेच पुढे दाखवलं, पण लोकांच्या लक्षात फक्त अडीच दिवस राहिले. बायकांच्या कामाचं असं नेहमी होतं.)

पण मांसाची वाटणी बघा. जुहोआन्सींमध्ये जनावर ज्याच्या बाणाने पडलं त्या बाणाच्या मालकाकडे वाटणीचा मान जातो. मारणारा हात कोणाचा, याला महत्त्व नाही. बाण एकमेकांना भेट दिले जातात आणि बाण बाईच्या मालकीचाही असू शकतो. म्हणजे शिकार पुरुषाने करावी आणि वाटणी वस्तीतल्या एखाद्या म्हातारीने करावी, असं घडू शकतं. शिवाय मोठी शिकार करून आलेल्याने बढाई मारायची नाही. लोक मुद्दाम नावं ठेवतात: हे असलं हाडकुळं जनावर उचलायला आम्हाला एवढ्या लांब आणलंस? शिकाऱ्यानेही मान डोलवायची. कोणाच्या डोक्यात हवा जाऊ नये यासाठी घातलेली ही शिस्त आहे. तुमच्या भावाला हा भाग जरूर सांगा. शिकार करणं हा मोठेपणाचा परवाना आहे असं तो समजतो, आणि खुद्द शिकारी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या मोठेपणालाच आवर घालत आलेत.

हे शक्य होतं कारण मांस टिकत नाही, साठवण नाही, हत्यार कोणालाही करता येतं, आणि पटलं नाही तर उठून दुसऱ्या नातेवाइकांच्या टोळीत जाता येतं. बाईलाही. रुसून निघून जाता येणं ही फार मोठी ताकद आहे. तरी "सगळे समान होते" हे वाक्य मी लिहिणार नाही. याच लोकांत मारहाण आणि खूनही नोंदलेले आहेत, आणि मुलींची लग्नं थोरलेच ठरवत. दबाव कमी होता आणि सुटायला वाट होती, एवढंच मी म्हणेन.

आपल्याकडचं एक चित्र सांगते. पहिल्या पावसात कातकरी बायका-पोरी ओढ्याला खेकडे धरायला जातात तेव्हा पाहा. दगडाखाली हात घालायचा तो सवयीने, न बघता. त्या दिवशी घरात जे शिजतं ते त्यांनी आणलेलं असतं. पण शाळेत विचारलं "तुझे आईवडील काय करतात", की पोर सांगतं, बाबा वीटभट्टीवर, आई काही नाही.

जनावर पाळलं की मामला बदलतो. मेलेलं हरीण आज वाटलं नाही तर उद्या सडतं. जिवंत मेंढी पुढच्या वर्षी कोकरू देते. मग ते कोकरू कोणाचं, मालक मेल्यावर कळप कोणाला, लग्नात किती द्यायची, चोरीला गेली तर कोण परत आणणार, हे सगळं उभं राहतं. जनावर ही चालती मालमत्ता आहे, म्हणून चोरीलाही सोपी. राखायला बाप्ये, वारस मुलगे, शब्द थोरल्या पुरुषाचा, असा साचा जगभरच्या पशुपालकांत वारंवार दिसतो.

वारंवार दिसतो, सगळीकडे नाही. सहारातल्या तुआरेगांत तंबू बाईचा असतो. घटस्फोट झाला तर घराबाहेर नवरा पडतो. पूर्व आफ्रिकेतल्या मासाईंमध्ये गाईंवर नाव पुरुषाचं, पण घर बायको बांधते आणि दूध तिच्या ताब्यात. कोणाला किती द्यायचं हे ती ठरवते. आणि आपल्या निलगिरीत तोडा लोकांकडे बघा: पवित्र म्हशींचं दूध आणि दूधघर यांपासून बायकांना लांब ठेवलं जाई, ते काम पुरुषांचं आणि जवळजवळ पूजेसारखं. एकीकडे दूध म्हणजे बाईची सत्ता, दुसरीकडे दुधाला बाईचा हात नको. दूध दोन्हीकडे सारखंच. तेव्हा निसर्गाने ठरवलं म्हणणाऱ्याला मी आधी हे दोन समाज दाखवते.

आता तुमच्या शेतातला वाडा. वाडा म्हणजे बरोबर फिरणाऱ्या काही बिऱ्हाडांचा तळ. दिवाळीनंतर ही मंडळी कोरड्या भागातून निघतात, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाआधी घाट चढून परत जातात, कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही.

एका जानेवारीत ताम्हिणी उतरून मी एका वाड्याबरोबर होते. रात्री तीन मेंढ्या व्यालेल्या. अजून झुंजुमुंजूही झालं नव्हतं, आणि तिशीतली एक बाई वाघरेत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, शिरून ओलं कोकरू पदराने पुसत होती. एका मेंढीने पिलाला जवळ घेतलं नव्हतं. बाईने मेंढीची मान गुडघ्यात धरली, कोकराचं तोंड सडाला लावलं आणि पान्हा सुटेपर्यंत तशीच बसून राहिली. चहा त्यानंतर. पुरुष मेंढरं घेऊन निघाले. मग बायकांनी पाल सोडलं, भांडी, वळकट्या, धान्याची पोती घोड्यावर चढवली. वजन दोन्ही अंगांना सारखं बसलं नाही तर घोडं वाटेत बसतं, म्हणून दोघी दोन बाजूंनी एकाच वेळी दोर ओढत होत्या. वर डालग्यात कोकरं, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर दोन वर्षांचं पोर. दहा-बारा किलोमीटर डांबरी रस्त्याने, बाजूने ट्रक. नव्या जागी पोचून चूल मांडायची, पाणी शोधायचं, जळण आणायचं आणि मेंढरं परतायच्या आत खुंट्या ठोकून वाघर ताणायची. वाघर वेळेवर लागली नाही तर मेंढरं कोणाच्या तरी उभ्या वालात घुसतात, आणि सकाळचं भांडण ठरलेलं.

संध्याकाळी शेतमालक आला तेव्हा बोलणी पुरुषांशी. रात्रीचा दर पुरुषांनी ठरवला. व्यापारी कोकरं घ्यायला आला की नोटा पुरुषच मोजतात. हे तुम्ही पाहिलं असेल आणि "दबलेल्या" हा शब्द तिथूनच आला असेल. मीही सुरुवातीला तसंच लिहिलं होतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्यांत सगळी उत्तरं पुरुषांची आहेत, कारण मी रात्री शेकोटीजवळ बसून विचारायची आणि त्या वेळी बायका भाकरी थापत असायच्या. एका म्हातारीने मला सरळ सांगितलं, "बाई, मेंढरं किती हाइत ते त्येला ठावं. आजारी किती ते मला इचार." दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कळपात फिरले. कोणती मेंढी कोणाची लेक, कोणती गेल्या साली गाभडली, कोणत्या मेंढीला दूध कमी म्हणून तिचं कोकरू ठेवायचं नाही, हे ती बोट दाखवत सांगत गेली. व्यापाऱ्यासमोर नवरा पैसे मोजत होता, पण "ती पाठ (म्हणजे तरणी मादी) नाही द्यायची" हे आदल्या रात्री हिने सांगितलेलं होतं, आणि ती पाठ दिली गेली नाही. त्या घरात विकण्याची गोष्ट पुरुषाची होती आणि राखण्याची बाईची. चार लोकांत ती बोलत नव्हती; पंचायतीत, सातबाऱ्यावर, अर्जावर ती नव्हतीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी पुसू नका.

शिवाय कोणती बाई हे विचारावं लागतं. नवी सून आणि चार मुलग्यांची आई यांच्यात जितकं अंतर असतं तितकं कधीकधी नवरा-बायकोतही नसतं. सुनेच्या वाट्याला सगळ्यांत जड घागर आणि सगळ्यांत शेवटची भाकरी. वीस वर्षांनी तीच बाई ठरवते, उद्या तळ हलवायचा की नाही. पशुपालकांत वयाला फार वजन आहे, त्यामुळे "स्त्रियांचं स्थान" असा एकच रकाना केला की निम्मी माहिती वाया जाते.

जेजुरीला जाल तेव्हा गडाच्या निम्म्या वाटेवर बानूचं देऊळ बघा. खंडोबाची ही दुसरी बायको धनगराची. कथेत देव तिच्यासाठी धनगरवाड्यात चाकर म्हणून राहतो, मेंढरं राखतो. म्हाळसा आणि बानूचं भांडण गाण्यांतून गातात, आणि बानू गप्प बसत नाही. देवाच्या कथेवरून रोजचा संसार सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण मेंढरांत वाढलेली बाई तोंडाने खमकी असणार हे ऐकणाऱ्यांना विचित्र वाटत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या भागाची. 1970 च्या दशकात पॅट्रिशिया ड्रेपर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जुहोआन्सींच्या भटक्या टोळ्या आणि गुरं पाळून स्थिर झालेल्या वस्त्या यांची तुलना केली. स्थिर झाल्यावर बायकांचं फिरणं कमी झालं, घर जड झालं, मुलगे गुरांमागे गेले आणि मुली घराजवळ अडकल्या. बाहेरच्या लोकांशी व्यवहार पुरुषांच्या हातात गेला. कोणी ठरवून केलं नाही, पण बायकांचा शब्द उणावला. मासाईंच्या बाबतीतही असंच: ब्रिटिश अमदानीत कर, गुरांची विक्री, सुधारणेच्या योजना सगळं पुरुषाला मालक धरून झालं.

हेच मी वाड्यावर घडताना पाहते आहे. घोड्यांच्या जागी टेम्पो आले. पोरांच्या शाळेसाठी बायको गावात राहते, नवरा गडी घेऊन कोकणात जातो. घोंगडीला पूर्वीसारखी मागणी नाही, त्यामुळे लोकर पिंजण्या-कातण्याचं बायकांचं कसब आणि त्यातले चार पैसेही गेले. लसीकरणाच्या एका शिबिरात मी होते. माहिती पुरुषांना दिली गेली. तापलेली मेंढी हात लावून ओळखणारी बाई मागे पाणी भरत होती. जी कळपाबरोबर नाही तिला कोणती पाठ ठेवायची हे कोण विचारणार?

तरी याची दुसरी बाजू त्याच बाईने मला ऐकवली, जिने पान्हा सुटेपर्यंत मेंढी धरून ठेवली होती. ती आता गावात असते. म्हणाली, माझे गुडघे गेले, लेक दहावीला आहे, रस्त्याकडेला पाल ठोकून रात्री जागायची माझी आता तयारी नाही. कळपावरचा तिचा शब्द गेला हे तिलाही ठाऊक आहे. तिने मोबदल्यात काय घेतलं तेही तिला ठाऊक आहे. भटकं आयुष्य बायकांसाठी चांगलं होतं असं मी तिच्या तोंडावर म्हणू शकत नाही, म्हणून इथेही म्हणत नाही.

तर वादापुरतं एवढं: मोठ्या शिकारीत पुरुष जास्त, हे भावाचं बरोबर. बायका शिकार करत, हे तुमचं बरोबर. पण कोणाचा शब्द चालतो हे मांस, दूध, कोकरू आणि पैसा कोणाच्या हातातून वाटला जातो यावर ठरतं, आणि ते समाजागणिक वेगळं आहे.

प्रकल्पाबद्दल. संध्याकाळी शेकोटीला जाऊ नका. पुरुष मेंढरं घेऊन गेल्यावर जा, पण घोडी लादायच्या दिवशी नको. दुसऱ्या रात्रीही तिथेच बसणार असतील त्या दिवशी जा. हातात वही नको, पाण्याची एखादी कळशी उचलायला लागा. "तुम्हाला घरात मान आहे का" असं विचारलंत तर "हाय की" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी गेल्या खेपेला विकलेल्या कोकरांबद्दल विचारा: कोणतं विकलं, कोणतं राखलं, कोण म्हणालं राखा म्हणून? पैशाचं काय आणलं? माहेरी जायचं तर कोणाला सांगावं लागतं? आजारी मेंढीला औषध कोणी पाजलं? हेच प्रश्न सुनेला वेगळे विचारा, सासू पाण्याला गेली असताना. आणि डालग्याखालच्या एखाद्या कोकराकडे बोट दाखवून "हे कोणाचं?" एवढं विचारून गप्प बसा. पहिलं उत्तर नवऱ्याचं नाव असेल. थोडं थांबा, दुसरं उत्तर येतं.